अस्तर

स्टिअरिंग डावीकडे तोडलं की आवाज यायचा,
खर्र, खर्र,
आत बसून कुणी फणीनं केस विंचरावेत तसा.
शेजारचा हेडाऊ वाकून म्हणाला,
काही नाही ताई, चाकावरचं प्लॅस्टिक लोंबून राह्यलं.
काढून फेका. त्याच्याविना काय अडते?

मी शिंप्याची पोर.
अस्तराविना काय अडते ते मला नको सांगू बे.
महालातल्या दुकानात बाबा कोट आधी उलटा करून बघायचे.
गिऱ्हाईक बाहेरचे पैसे देते, म्हणायचे,
पण अंगाला लागते ते आतलं.

रविवारी सकाळी, मानेवाड्याच्या आमच्या अंगणात,
मागच्या चाकांना विटा दिल्या,
नट आधी सैल केले, मग जॅक.
हा क्रम एकदा चुकला होता म्हणून पाठ आहे.
चाक निघालं. आत कोळ्याचं जाळं,
आणि ते, काळं, चिरलेलं,
मे महिन्यानं वाकवलेलं,
टायरनं किसत आणलेलं.

अकरा क्लिपा, चार स्क्रू.
दोन गंजून पत्र्याशी एकजीव झालेले,
त्यांना तेल पाजलं आणि चहा पिऊन आले.
एक निघाला. दुसऱ्याचं डोकं तुटलं.
मग दोन्ही हातांनी ओढलं
तर घमेलंभर माती माझ्या मांडीवर.

वरची राखाडी, कोराडीच्या रस्त्याची,
माझ्या नोकरीची,
चिमटीत पिठासारखी.
तिच्याखाली काळी, काटोलकडची.
भाचीच्या सोयरिकीला गेलो तेव्हा गाडी फसली होती.
सोयरीक जुळली नाही, ढेकूळ राहिलं,
त्यात संत्र्याचं एक पान, पापडासारखं.
मग सिमेंटचे खडे.
आमच्या गल्लीचा रस्ता तीनदा झाला,
दर वेळी घर एक पायरी खाली गेलं.

आणि सगळ्यात आत, पत्र्याला चिकटून,
लाल.
ओली केली तर बोटं रंगली.
असली माती आपल्याकडे नाही.
गाडी सेकंडहँड, नंबर रत्नागिरीचा,
पहिले मालक कुणी विद्याधर गोळपकर,
हे कागदावर ठाऊक होतं.
हातावर आज आलं.
मी समुद्र पाहिला नाही.
सहा वर्षं त्यांची माती घेऊन
रोज कोराडीला जाऊन येते.

एवढं वाटूनही पाइप लावलाच.
माती पाणी धरते, पाणी पत्रा खाते.
लाल पाणी फरशीवरून नालीकडे गेलं,
मी ब्रशनं घासत राहिले.
एका जागी पत्रा बोटानं दबला.
तिथं गंज खरवडून रंगाचे दोन हात,
आणि वाळेस्तोवर वरणाला फोडणी.

नवं आणलेलं डुप्लिकेट, साडेसहाशेचं.
त्याला आधी वरची क्लिप, कमानीच्या मध्यावर,
म्हणजे दोन्हीकडे सारखं सुटते.
बाही खांद्याला जोडताना
बाबा पहिली टाचणी तिथंच लावायचे.
बंपरकडचं भोक बोटभर पुढं आलं.
कंपनीचं असतं तर आलं नसतं, हे खरं.
सळई गॅसवर तापवली
आणि काज मीच केलं.

चाक चढवलं, नट आवळले,
जॅक खाली घेऊन पुन्हा आवळले.
गल्लीच्या टोकापर्यंत गेले,
डावीकडे पूर्ण तोडलं.
काही नाही. नुसतं इंजिन,
आणि कुणाच्या तरी घरचा कुकर.

परत आले तर हेडाऊ फाटकात उभा.
झालं का ताई? किती लागले?
मला बोलता येईना.
एक क्लिप उरली होती, दातांत धरलेली,
कुठं लागायची होती कोण जाणे.
बाबा असेच जेवायला बसायचे,
आणि आई वाढता वाढता थांबायची,
आधी ती टाचणी काढा.